धायरीची पोकळे

४ जानेवारी
खोटं बोलले! तेही वर्तमानपत्राशी. सकाळी बातमीदाराचा फोन — "ऋतिका पोकळे तुमच्याच शाळेतली ना? गाणं तुम्हीच शिकवायचात?" म्हणजे ती पॉपस्टार, जिची पोस्टरं गावभर लागलीत. म्हटलं, "हो, पाया मीच घातला."

पाया! स्नेहसंमेलनाच्या समूहगीतात ही खेड्यातली, धायरीची पोकळे 'आहे'ला 'हाय' म्हणायची. सगळ्या मुलींसमोर मी तिला सुनावलं — "तू नुसते ओठ हलव. आवाज काढू नकोस."

५ जानेवारी
छापून आलं. फोटोसकट. मंडईत दोघींनी अभिनंदन केलं. भाजी न घेताच परतले.

९ जानेवारी
भाचीची मुलगी ऋचा आली होती. तिला ऋतिकाची गाणी लावायला सांगितली. आजवर एकही ऐकलं नव्हतं — थिल्लर असणार हे ठरलेलंच होतं ना! ऋचा म्हणाली, पहिलं गाणं तिनं घरच्या गोठ्यात मोबाईलवर रेकॉर्ड केलं. आता लंडनलाही तिकिटं मिळत नाहीत.

काय दमसास आहे मुलीचा! वरच्या सुरावर बाकीचे ओरडतात. ही तिथंच आवाज बारीक करते, शब्द अलगद कानात ठेवते. आणि ध्रुवपदात तोच शब्द — 'हाय'. मी तिथं 'आहे' घालून गुणगुणून पाहिलं. गाणं मेलं.

तीस वर्षं मी नक्की काय शिकवलं?

१५ जानेवारी
ऋतिकाच्या ऑफिसातून फोन. शनिवारी पुण्यात कार्यक्रम. "बातमी वाचली. मॅडमना शाळेच्या बाई म्हणून स्टेजवर आपला सत्कार करायचाय."
हो म्हणाले! जीभ कशी झडली नाही?

१६ जानेवारी
ऋचाला सगळं सांगून टाकलं. तिनं मोबाईल बाजूला ठेवला. "मग तिलाच जाऊन सांग ना, आजी."
एवढंच. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

१७ जानेवारी
आज कार्यक्रम. दुपारी तालमीच्या वेळीच गेले. ऋतिकाला बाजूला घेऊन सांगितलं, हात जोडले. तिनं माझे हात खाली केले. मग — "बाई, समूहगीतात मी कधीच नव्हते. ती माझी ताई. माझ्यापेक्षा भारी गायची. त्या दिवसापासनं गायलीच नाय. पण कोण बोललं, ते तिनं कधी सांगितलं नाय."

ताई तिथंच खुर्चीत बसली होती. मला पाहताच चटकन उठून उभी राहिली — बाई आल्या म्हणून.