लाडोबाचं माप

२ डिसेंबर, सकाळ
थंडी आली. टूथपेस्ट ट्यूबमधून बाहेर यायला तयार नव्हती. तिची चूक नाही.

सासूबाई काल संध्याकाळी मुक्कामाला आल्या. दर वर्षी थंडीत त्या धाकट्या मुलीकडे, म्हणजे माझ्या साडूकडे जातात. यंदा आमच्याकडे. बायको म्हणते, साडूकडे रंगकाम चाललंय म्हणून. असेल. पण मला वाटतं, हे निमित्त. म्हातारपणी का होईना, माणसाला माणसाची पारख होते.

साडूच्या घरातली फरशी म्हणे आतून तापते. बटण दाबलं की पायाखाली ऊब. मी पाहिलेली नाही आणि पाहणारही नाही. ऊब माणसाने कमवावी, पायाखाली पसरून घेऊ नये. (वाक्य छान झालं. दुकानात कुणाला तरी ऐकवावं.)

संकल्प: थंडी संपेपर्यंत सासूबाई या घरातून हलणार नाहीत. त्यासाठी घर उबदार करायचं. स्वतःच्या हातांनी. कारागीर बोलवायचा नाही.

४ डिसेंबर
घरात गारवा कुठून शिरतो याचा अभ्यास केला. पेटती मेणबत्ती घेऊन प्रत्येक खिडकीशी उभा राहिलो. ज्योत हलली की तिथे फट, असा साधा हिशेब. पडदा पेटला. थोडाच. लेकीने धावत येऊन तांब्याभर पाणी मारलं, त्यातलं बरंचसं मला लागलं. आठवीत आहे, नेम बसेल हळूहळू.

निष्कर्ष: फटी सगळीकडे आहेत.

६ डिसेंबर, रविवार
पिशवीभर चिकटपट्टी आणली. सकाळपासून एकेक खिडकी बंद करत गेलो. कामाला लागलो की मला भान राहत नाही. शेवटी बाल्कनीचं दार. चारही बाजूंनी दुहेरी पट्टी, मुंगी शिरणार नाही असं काम. पट्टी दाबत असताना काचेपलीकडे सासूबाई दिसल्या. केस वाळवायला उन्हात बसल्या होत्या. माझं काम बघून दोन्ही हात हलवू लागल्या. मीही हलवला. त्यांनी आणखी जोरात हलवले. मीही. इतक्या वर्षांत आमच्यात एवढा मोकळेपणा प्रथमच आला.

मग बायकोचा बाजारातून फोन. म्हणाली, आई बाहेर अडकली आहे, तिला आत घे.

आत घेतलं. तोवर ऊन सरकलं होतं. सासूबाई थेट दुलईत शिरल्या. दात वाजत होते म्हणून शब्द फुटला नसावा.

९ डिसेंबर
थंडीत चष्म्याच्या दुकानाला बरे दिवस येतात. काचांवर वाफ धरते, लोकांना वाटतं नंबर वाढला. मी खरं काय ते सांगतो. आधी तपासतो, मग सांगतो.

आज रिटायर्ड पोस्टमास्तर आले. हे गृहस्थ तक्त्यावरची खालची ओळ पाठ म्हणतात आणि नजर शाबूत असल्याची पावती माझ्याकडून घेऊन जातात. त्यांना उबेचं वाक्य ऐकवलं. त्यांनी विचारलं, मग तुमच्या घरी आहे का ऊब? म्हटलं, काम प्रगतिपथावर आहे.

घरी आलो तर बायको म्हणाली, भिंतींना पाणी सुटलंय. मी समजावलं की भिंतीला घाम येतो याचा अर्थ तिला उकडतंय. तिने दुसरा स्वेटर चढवला. शिक्षिका आहे, पण मराठीची. विज्ञानात मी तिला सांभाळून घेतो.

१२ डिसेंबर
आज मजा आली. जेवणं झाल्यावर चौघं बाहेरच्या खोलीत एकाच मोठ्या दुलईत पाय घालून बसलो. मध्ये भाजलेल्या रताळ्यांची परात. वरून मीठ. रमी मांडली. सासूबाई जोकर दुलईखाली दडवतात. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. बोललो नाही. मोठ्यांचा मान. शिवाय दुसरा जोकर माझ्या मांडीखाली होता.

त्याच जिंकल्या. हसता हसता त्यांना ठसका लागला, तर त्यांनी थाप माझ्याच पाठीवर मारली. झोपायला उठलो तेव्हा म्हणाल्या, जावईबापू, कानाला काहीतरी गुंडाळा. आई गेल्यापासून मला हे कुणी म्हटलं नव्हतं.

गुंडाळलं नाही. पण दुलईत बराच वेळ छान वाटत राहिलं. हे चिकटपट्टीमुळे.

१५ डिसेंबर
मोठी बातमी. सासूबाईंनी विणायला घेतलंय! तपकिरी लोकर, जाड, उंची. आणि आज मला समोर उभं करून माप घेतलं. छाती. मान. मानेपासून कमरेपर्यंत पाठ. मी पोट आत ओढलं तर म्हणाल्या, सोडा सोडा, खरं माप हवंय. मग टेप गुंडाळत स्वतःशीच म्हणाल्या, अगदी तेवढंच भरलं बघा.

लेक तोंडावर हात दाबून स्वयंपाकघरात पळाली. या वयात मुलींना कशाचंही हसू येतं.

बायकोला सहज विचारलं, आईंनी साडूला कधी स्वेटर विणलाय का? म्हणाली, नाही बाई. आणखी काही विचारलं नाही. कळायचं ते कळलं.

१८ डिसेंबर
मी कुणाचे फोन ऐकत नाही. पण दार लोटलेलं होतं आणि मी त्याला टेकलेला होतो. सासूबाई धाकट्या मुलीला सांगत होत्या, लाडोबाचं माप मिळालं गं. छाती भरदार आहे, मान जरा आखूड. गेल्या वर्षीपेक्षा सुटलाय, पण दिसतो गोड. भूक मात्र आवरत नाही त्याला, ताटाकडे बघत बसतो.

जावयाला लाडोबा! एकेरीत! म्हणजे मुलगाच मानला की. ताटाचं मात्र मनाला लागलं. आज रात्री एक पोळी कमी खाल्ली. ती नंतर उभ्याने खाल्ली.

साडूला हे सगळं त्याच्याच घरात, त्याच्याच गरम फरशीवर ऐकावं लागलं असेल. बिचारा.

२० डिसेंबर, रविवार
माळ्यावरचा जुना हीटर काढला. बिघडलेला नव्हता, नुसता बंद पडलेला होता. उघडला, पुसला, परत जोडला. दोन स्क्रू उरले. कंपन्या हल्ली जास्तीचे देतात. बटण दाबलं आणि संपूर्ण इमारत काळोखात गेली.

जिन्यावर सगळे शेजारी मोबाइलचे दिवे घेऊन जमले. मीही माझा घेऊन गेलो आणि सर्वांबरोबर विचारलं, काय झालं? इलेक्ट्रिशियन आला. हीटर बघून म्हणाला, हा कुणी उघडला? मी म्हटलं, आधीच्या इलेक्ट्रिशियनने. तो म्हणाला, त्याला पुन्हा बोलावू नका.

बोलावणार नाही.

२३ डिसेंबर
सासूबाईंना खोकला. काल साधा होता, आज छातीत वाजतोय. डॉक्टरीणबाई घरी आल्या. त्यांनी छाती तपासली, मग भिंतीला बोट लावलं, मग बोट बघितलं. म्हणाल्या, या घराला श्वास घेऊ द्या, मग आजी घेतील. ओल फार आहे, खिडक्या उघडा.

बायकोने चिकटपट्ट्या ओढून काढल्या. पट्टीबरोबर रंगही आला, काही ठिकाणी गिलावाही. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

मी गरम पाण्याची पिशवी भरून दिली. सूप भरवलं. सासूबाई दोन घोटांवर थांबल्या आणि डोळे मिटून पडून राहिल्या. खरं लिहायचं तर मी घाबरलो. पिशवीचं पाणी गार व्हायच्या आत बदलत राहिलो, अगदी दुकानातही गेलो नाही.

(घाबरलो हा शब्द मोठा झाला. सावध झालो.)

२६ डिसेंबर
खोकला उतरला. सासूबाई उठून बसल्या आणि पहिली गोष्ट म्हणजे सुया मागितल्या. माझा स्वेटर!

आज घालूनही पाहिला. बाह्या आखूड आहेत, पण काम अजून बाकी असेल. पोटावर लांब फट आहे, तिथे गुंड्या येणार म्हणे. नवीन फॅशन. मग सासूबाई म्हणाल्या, आता जरा हात टेकून ओणवे व्हा, पाठीवर कसा बसतो बघू. झालो. म्हणाल्या, चार पावलं चाला. चाललो. म्हणाल्या, काखेत काचत नाही ना? म्हटलं, छे, अगदी मोकळं वाटतंय. कारागिरीतला हा बारकावा हल्ली कुठे राहिलाय?

लेकीने फोटो काढला. बायको कपाट आवरायला आत गेली आणि बराच वेळ कपाटातच तोंड घालून उभी होती. खांदे हलत होते. भरून आलं असेल.

२७ डिसेंबर, रविवार, दुपार
साडू आला. बरोबर कुत्रा आहे. कुत्र्याचं नाव लाडोबा.

२७ डिसेंबर, संध्याकाळ
शांतपणे लिहितो.

रंगकाम संपलं म्हणून साडू सासूबाईंना न्यायला आला. कुत्रा संध्याकाळी बाहेर फिरायला जातो तेव्हा त्याला गार लागतं, म्हणून स्वेटर. त्याचं माप धाकटीने फोटोसकट कळवलं होतं; कुत्रा इथे नव्हता, म्हणून त्याच मापाचा मी. साडू मला म्हणाला, तुम्ही फार मनावर घेतलंत, आभार. त्यानेही फोटो पाहिला होता.

कुत्र्याला स्वेटर घातला. तो दोन पावलं चालला, आडवा पडला आणि लोळून लोळून अंगातून काढून टाकला. मग त्याच्यावर बसला. सासूबाई म्हणाल्या, मेल्याला किंमत नाही. जावईबापू, तुम्हीच ठेवा. मी सांगितलं, मला गरज नाही. जरा ताठ आवाजात सांगितलं.

जाताना सासूबाई म्हणाल्या, मी रागावून चालले नाही हं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या कोरड्या जागी राहा, म्हणून. गाडीत पुढच्या सीटवर कुत्रा, मागे त्या. आमच्याकडे त्यांना मधोमध बसवायचो आम्ही.

२९ डिसेंबर
स्वेटर घातला. लोकर वाया जाऊ नये म्हणून. पोटावरची फट जेवल्यावर सोयीची पडते. पोस्टमास्तरांनी दुकानात विचारलं, कुठला हो? म्हटलं, इम्पोर्टेड. ते म्हणाले, जवळून बघू का? म्हटलं, आधी नंबर तपासून घेऊ.

२ जानेवारी
लेक मावशीकडे गेली. परीक्षेचा अभ्यास तिथे चांगला होतो म्हणे. इथे बोटं आखडतात, पेन धरवत नाही. मी सांगितलं, मी याच थंडीत रोज लिहितो. तिने विचारलं, काय लिहिता? विषय बदलला.

५ जानेवारी
बायको आईला बघायला गेली. दोनच दिवस. उशी का नेली, कळलं नाही.

आता घरात मी आणि माझं तत्त्व. पूर्ण दुलई माझी. रताळी भाजली, करपली, पण सगळी माझी. एकट्याने रमी मांडली. दोन्ही हात मीच खेळलो. हरलो.

८ जानेवारी
बायकोचा फोन. दोन दिवसांचे किती झाले ते विचारणार होतो, पण मागून हसण्याचे आवाज येत होते. लेक ओरडत होती, आजी, जोकर कुठाय? सासूबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या, मला काय माहीत! खोकला अजिबात नव्हता.

बायको म्हणाली, ये ना इकडे. तुझा साडू नीट खेळत नाही, फार खरं खेळतो. मी म्हटलं, त्या फरशीवर मी पाय ठेवणार नाही. ती म्हणाली, मग खुर्चीवर बस.

स्पष्ट नकार दिला. स्वेटरवर कोट चढवला, कोटावर दुलई घेतली आणि अभिमानाने सात वाजता झोपलो.

१० जानेवारी, रविवार
कपाटात सासूबाईंचा चष्मा सापडला. विसरल्या वाटतं. फोन केला तर म्हणाल्या, जुना आहे हो तो, काडी तुटलेली, राहू दे. पण मी या धंद्यातला माणूस. तुटकी काडी हा माझ्या दृष्टीने गंभीर मामला. स्वतः जाऊन, नाकावर नीट बसतो की नाही ते पाहूनच यायला हवं. हे कर्तव्य आहे. संध्याकाळच्या बसने परत.

टूथब्रश बरोबर घेतलाय. बसचा काय भरवसा?

११ जानेवारी
ही नोंद आडवा पडून लिहितो आहे. जमिनीवर. मोजे काढून. आधी फक्त टाच टेकवली होती, तीही तपासण्यापुरती.

कालची बस सुटली. आजची फार सकाळी होती. सासूबाईंनी चष्मा न बघताच बाजूला ठेवला आणि पत्ते वाटायला घेतले. बायकोने कधी जाणार ते विचारलं नाही, नुसती उशी पुढे केली. तिने दोन नेल्या होत्या.

साडूला सांगितलं, तत्त्व म्हणून मला हा प्रकार पटलेला नाही. पण एखादी गोष्ट नाकारायची तर तिचा पूर्ण अभ्यास हवा. थंडी संपेपर्यंत तरी.

तो म्हणाला, जरूर करा. फक्त तेवढं जरा पलीकडे सरका, ती जागा लाडोबाची आहे.

सरकलो.