भरतीवीराची ओहोटी कुणी पळवली?

रोहे, मंगळवार

प्रिय सखा यास हैबतरावाचा कडकडून नमस्कार. चि. किमया हिला अनेक आशीर्वाद, कारण तुझ्या डोळ्याला पट्टी असेपर्यंत सासऱ्यांचं टपाल तीच वाचणार. (किमया बाळ, जिथे मी अक्षरं जाड केली आहेत तिथे आवाज चढव. शेजारी गोळा झाले तरी चालेल.) डोळा कसा आहे? थेंब वेळच्या वेळी घालून घेतोस ना? तुझ्या विशालने सांगलीला नेऊन ऑपरेशन करवलं ते उत्तम केलं. आमच्याकडे सगळे बरे आहेत, फक्त मला डॉक्टरांनी पंधरा दिवस तोंडातून शब्द काढायला बंदी केली आहे. घसा सुजला आहे. एकोणपन्नास वर्षं व्यासपीठं गाजवली, माईक बंद पडला तरी शेवटच्या रांगेतला माणूस जागा ठेवला, आणि आता चहा हवा असेल तर पाटीवर लिहून दाखवतो. आमच्या संसाराला एक्केचाळीस वर्षं झाली, पण विमलबाई एवढी प्रसन्न मी कधी पाहिली नव्हती. म्हणून फोन नाही, पत्र.

घसा कशाने गेला ते ऐक, आणि ऐकताना उशीला टेकून बस. आपल्या 'भरतीवीर' कॉमिक्सची मालिका करणाऱ्या कंपनीने रविवारी पेणला हॉल घेऊन जाहीर कार्यक्रम ठेवला होता. संमतीच्या कागदाची प्रत तुलाही आली असेलच. गोष्टी माझ्या आणि चित्रं तुझी म्हणून दोघांच्या सह्या लागतात. मी म्हटलं, आधी झलक बघू, मग सही. मला प्रमुख वक्ता म्हणून बोलावलं होतं. विषय होता 'कॉमिक्समधले वीर पडद्यावर'. मी बावीस पानांची टिपणं काढून गेलो होतो.

तुला माहीत आहे, मी सिनेमाचा शत्रू नाही. परदेशातले आंगरखेवाले वीर मी नातवाबरोबर रांगेने पाहिले आहेत. (पहिल्या सिनेमात वीर जन्मतो, दुसऱ्यात त्याचं मन दुखतं, तिसऱ्यात सगळे वीर एकत्र येऊन एक शहर पाडतात, आणि चौथ्यात काळ उलटा फिरवून मेलेले परत आणतात. माझ्या वर्गात असा निबंध आला असता तर मी पालकांना बोलावलं असतं.) माझं म्हणणं एवढंच, की कॉमिक्समध्ये दोन चौकटींच्या मध्ये बोटभर कोरी जागा असते आणि खरी गोष्ट तिथे घडते. पहिल्या चौकटीत मूठ उगारलेली, दुसऱ्यात दरोडेखोर चिखलात. मधला ठोसा वाचणाऱ्याने मारायचा. आपल्या भरतीवीराला आवाज नव्हता, म्हणून खाडीकाठच्या खारेपाटातल्या प्रत्येक पोराने त्याला आपापल्या बापाचा आवाज दिला होता. पडद्याने ही जागा भरून टाकली, म्हणजे वाचणाऱ्याला कामावरून काढून टाकलं.

पण मी हे बोलणार कधी? आधी झलक दाखवली. सखा, मी खुर्चीचा हात उपटला. आपला भरतीवीर जनू, मिठागरात फावडं ओढणारा, कमरेला रुमाल, उघडा, काळा. तो त्यांनी मुंबईतल्या व्यायामशाळेतला गोरापान गडी केला आहे. अंगात रबराचा डगला. त्या डगल्यात आपल्याकडच्या वैशाखात तो अर्धा तास उभा राहिला तर शत्रूची गरजच नाही. तो एका प्रयोगशाळेत पिंपात पडतो आणि त्याच्या डोळ्यांतून निळी किरणं निघतात. आठ भागांपैकी तीन भाग तो आईची आठवण काढून रडतो. हेही मी गिळलं. पण पुढे? त्यांनी भरती-ओहोटीच काढून टाकली! भरती चढेल तसं बळ चढतं आणि ओहोटीला तो तुमच्या-आमच्यासारखा होतो, मिठाची पाटीसुद्धा त्याला उचलत नाही, हे सगळं गेलं. अरे, बारा अंकांची हाणामारी आपण पंचांग मांडीवर घेऊन लिहिली! अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती सगळ्यात कमी चढते तेव्हा, दरोडा पडला की पोरांची झोप उडायची. कंपनीचा साहिल नावाचा अधिकारी मला म्हणतो, "सर, समुद्रापासून लांबच्या प्रेक्षकांना भरती कळत नाही." मी म्हटलं, "आणि डोळ्यांतून किरणं निघालेली कळतात? त्यांच्या घरी निघतात?"

यानंतर जे घडलं ते फक्त पेणातच घडू शकतं. कंपनीने भरतीवीराची आठ फुटी मूर्ती करायला दिली होती, ती रामवाडीत, तुझ्या शिष्याकडे, प्रविणकडे. ऐन गणपतीच्या सीझनमध्ये. कारखान्यात पाय ठेवायला जागा नाही, पन्नास माणसं रंगात बुडालेली, आणि कंपनीने दिलेला कागद म्हणजे मोबाईलवरचा एक फोटो. प्रविणने मंडळाच्या उभ्या गणपतीचा साचा घेतला, सोंड लावली नाही, दोन हात कमी केले, पोट तासलं आणि वर रबराचा डगला रंगवला. उजवा हात मात्र साच्यातच आशीर्वादाचा, तो तसाच राहिला. डोळ्यांची आखणी हुबेहूब तू शिकवलीस तशी, करुणेने भरलेली. आणि निघताना सवयीने तोंडावर नवा रुमाल बांधून दिला.

टेम्पो हॉलच्या दारात आला. झाकलेलं तोंड बघून पेणच्या माणसाला काय वाटणार? ड्रायव्हरने सवयीने मोरया केलं. दोनशे माणसं उठून उभी राहिली. चपला बाहेर गेल्या. कुणीतरी नारळ आणला (तो इतक्या पटकन कुठून आणतात हे मला आजवर कळलेलं नाही). साहिलने रुमाल ओढला, तर खाली रबराचा डगला घातलेला दयाळू देव! मग मागून टाळ्या सुरू झाल्या, त्या थेट आरतीच्या ठेक्यात. मी वाट पाहत होतो की आता कंपनीवाले शरमतील. त्यांना रडू आलं होतं, आनंदाने! साहिल फोनवर मुंबईला सांगत होता, "पब्लिक पाया पडतंय! हात असाच ठेवूया, आशीर्वादाचा!"

मग मी माईक घेतला. पाऊण तास बोललो. "तो देव नाही," मी म्हटलं, "देवाला ओहोटी नसते! तो घाबरतो, पळतो, चिखलात लपतो, पंचांग बघून परत येतो, म्हणून तो वीर!" पुराणं काढली, ग्रीक काढले, ज्ञात जगातले सगळे पराक्रमी काढले. समोरची माणसं प्रसादाच्या रांगेत होती. शेवटचं वाक्य मी म्हटलं ते फक्त मला ऐकू आलं, कारण आवाज संपला होता.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून एक म्हातारी उठली. सीताबाई, जिते गावच्या बाजूची, सगळं आयुष्य मिठागरावर गेलेलं. तिच्या पोरांनी आपले अंक वाचून वाचून फाडले होते. तिने साहिलला विचारलं, "पन बाला, ओहोटीला ह्यो काय करतो?"

"आजी, ओहोटी आपण काढलीये."

"काढली? कोनी, तू?" म्हातारी हसायलाच लागली. "दर्या तुझ्या कंपनीत कामाला हाय काय रं? मग ह्यो आमचा नाय. चला गो." आणि तिच्यामागे बायकांची आख्खी रांग प्रसाद हातात घेऊन बाहेर!

माझी बावीस पानं, आणि तिची ती एवढीच वाक्यं. असो. मुद्दा असा, की कंपनी गडबडली आहे. आता आपण ठाम राहायचं. भरतीवीर एक तर ओहोटीसकट पडद्यावर जाईल, नाहीतर आपल्या फाटक्या अंकांतच सुखात राहील. मी सही करणार नाही. तूही करू नकोस. (किमया, हे दोनदा वाच.)

तुझा,
हैबतराव

ता. क. (गुरुवार) — पत्र पेटीत टाकायला विमलबाईकडे दिलं होतं, ते तिच्या पिशवीत कोथिंबिरीखाली सापडलं. दरम्यान थोडं घडलं आहे. मालिका लिहिणारी मुलगी, सुरभी, काल पेणहून इथे घरी आली. रविवारी ती शेवटच्या रांगेत होती म्हणे. सीताबाईचा प्रश्न तिने वहीच्या पहिल्या पानावर लिहून आणला होता. म्हणाली, "सर, मी भरती-ओहोटी परत घेते. कंपनीला मी मनवलंय. पण सोमवारपर्यंत मला एक दाखवावं लागेल. ओहोटीला तो दिसतो कसा? बळ गेलेला, तरी तोच? ते दिसलं नाही तर पुन्हा किरणंच येतील." पोरगी जिद्दी आहे. आपले अंक मिळत नव्हते, तर दोन अंक तिने कासू गावच्या एका न्हाव्याकडून आणले. माझ्याकडे नऊच होते.

ता. क. दुसरी — मला बोलायला बंदी, म्हणून मी पाटीवर लिहू लागलो. 'विषण्ण परंतु अभंग.' ती म्हणाली, समजलं नाही. 'बळाची अनुपस्थिती.' नाही समजलं. चौदा वेळा पाटी पुसली. शेवटी मी उठलो, खांद्यावर सोलापुरी चादर घेतली आणि ओटीवर ओहोटी करून दाखवली. खांदे पाडले, गुडघे वाकवले, नजर खाडीकडे. विमलबाई आतून धावत आली. "अहो, काय व्हतंय? पोटात दुखतंय काय?" समोरच्या घरातून ओवा आला. सुरभीने नम्रपणे पाणी दिलं. सखा, शब्दांवर पोट भरलेला माणूस मी, मला एक ओहोटी सांगता आली नाही.

ता. क. तिसरी — खरं ते लिहितो. सातव्या अंकाच्या पान एकोणीसवर मी तुला दीड पानाचं स्वगत लिहून दिलं होतं आणि तू ते न विचारता काढून टाकलंस. तिथे फक्त जनूची पाठ काढलीस, चिखलात बसलेली, चार रेषांत. त्यावरून मी तुझ्याशी वर्षभर बोललो नाही. तो अंक ना माझ्याकडे आहे, ना न्हाव्याकडे. ती पाठ पुन्हा काढून दे. स्वगत काढलंस ते बरोबर केलंस. (किमया, हे एकदाच वाच आणि हळू.)

ता. क. चौथी, किमयासाठी — डॉक्टरांनी त्याला वाचायला बंदी केली आहे, चित्र काढायला केल्याचं तू विमलबाईला फोनवर काही म्हणाली नव्हतीस. एक डोळा उघडा आहे ना? चार रेषांना पुरे. शिसपेन मऊ दे, आणि 'हैबतरावाला जमलं नाही' असं त्याला निदान तीनदा ऐकव. मग तो नाही म्हणणार नाही. हे पत्र आता पेटीतून नाही, कुरिअरने येईल; चित्र सोमवारच्या आत मोबाईलवर पाठव. सोबत संमतीचा कागद आहे. त्यावर एक सही आधीच दिसेल, ती माझी. तिच्या शेजारी जागा सोडली आहे.