सात नंबरची सुटलेली तार

तीर्थरूप मामा,

थोरल्या जावयाचा साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? धाकट्या लेकीकडे जिने फार, असं कळलं. दुखरा गुडघा उजवा; तेव्हा चढताना डावा पाय आधी आणि उतरताना उजवा. (साडूंना हे ठाऊक असण्याचं कारण नाही, ते लिफ्टने जातात.) इकडे सगळं क्षेम आहे. एवढंच, की तुम्ही गेल्यापासून या घरात कोणालाही मला हाक मारता आलेली नाही.

कारण सविस्तर लिहितो. मला थोडक्यात सांगता येत नाही, हे तुम्ही जेवताना शिट्टी वाजवून कितीदा तरी दाखवून दिलं आहे. घरामागच्या माझ्या दुरुस्तीच्या खोलीत पंखे-मिक्सरांच्या घरघरीत हाक ऐकू येत नाही, म्हणून मी ती बटणं बसवली. माणसं तीन, बटणं सात. सात बटणांना सात तारा कोणीही ओढील. मी खोलीपर्यंत तीनच ओढल्या. सातांपैकी कोण बोलावतंय हे तीन तारांच्या 'आहे-नाही'मध्ये बसवतो तो एन्कोडर, आणि ते उलगडून माझ्यासमोर आकडा पेटवतो तो डिकोडर. (एन्कोडर बाजारात तयार मिळतो. मी 'हो-नाही' ठरवणाऱ्या सुट्या गेटांच्या चिपा आणून घरी जोडला. "का?" असं साडूंनी विचारलं होतं. ज्याला हा प्रश्न पडतो त्याला उत्तर देऊन उपयोग नसतो.) आता, दोघांनी एकदम बटण दाबलं तर? तिथे मानाची उतरंड आहे. मोठा आकडा पुढे जातो, लहान गप्प बसतो. म्हणून बाहेरचं दार एक, न्हाणीघर चार, स्वयंपाकघर सहा आणि तुमची खोली सात. सातच्या वर कोणी नाही.

पण तुमचा जन्म शाळेच्या मैदानावर मुलांना पळवण्यात गेला. "न्हाणीघर चौथं आणि मी सातवा? अहो जावईबापू, सातव्या आलेल्याला कोणी पाणीसुद्धा विचारत नाही!" असं म्हणून तुम्ही ट्रंक काढलीत. मी ताबडतोब समजावायला बसलो, तक्ता आखला, गेटांपासून सुरुवात केली. मूळ मुद्द्यावर येईपर्यंत साडूंची गाडी दारात उभी. (तक्ता पूर्ण करून ठेवला आहे. केव्हाही बघता येईल.)

मग मी दुरुस्तीच्या खोलीत असताना साडू तुमचा पलंग न्यायला आले. पलंगाच्या पायाला तुमचं बटण मी चार स्क्रूंनी बसवलं होतं. साडूंनी पलंग ओढला, स्क्रू हलले नाहीत (माझे स्क्रू हलत नाहीत), तार तुटली. माझी रचना अशी, की बटण दाबलेलं नसताना तार शून्याला, म्हणजे 'नाही'ला, टेकलेली असते, आणि दाबलं की सुटते. जुन्या जातीच्या या चिपा सुटलेली तार म्हणजे 'हो' समजतात. तेव्हापासून माझ्यासमोर सात पेटला आहे, तो विझत नाही. तुमची लेक सहा दाबते, सात दिसतो. ती न्हाणीघरात टॉवेलसाठी चार दाबून दाबून थकली आणि शेवटी जे बोलली ते शेजारच्या तीन घरांना तारेशिवाय कळलं. एक गिऱ्हाईक टेबलफॅन घेऊन दारात एक नंबर दाबत उभं राहिलं, आणि मग चौकातल्या त्या भोंदू मेकॅनिककडे गेलं. तुम्ही इथे नसताना सगळ्या घराला गप्प बसवून आहात. याहून वरचा मान मला कोणाला देता येत नाही.

पहिल्या दिवशी सात पेटला, तेव्हा मला वाटलं तुम्ही परत आलात. हातातला सोल्डरिंग आयर्न तसाच ठेवून धावलो. (टेबल जळलं, थोडंच.) खोलीत पलंगाच्या चार पायांच्या खुणा तेवढ्या होत्या. तुटल्या तारेचं कारण मला तिथेच दिसलं, तरी दुसऱ्या दिवशीही जाऊन आलो. या एन्कोडरला स्मरणशक्ती नसते, मामा. आत्ता आत जे येतं तेवढंच तो बाहेर सांगतो, कालचं काही ठेवत नाही. ते काम त्याच्या मालकाकडे आलं आहे. बटण अजून पलंगाच्या पायालाच असेल. तुम्ही कधी सहज दाबून बघत असाल का, असं उगाच मनात येतं.

बाकी विशेष काही नाही. आग्रह करणं माझ्या स्वभावात नाही.

आपला जावई,
(तुम्हीच ठेवलेलं नाव) खटपट्या

ता. क. : साडूंना नमस्कार सांगा. सवडीने सांगितलात तरी चालेल.

आणखी ता. क. : तुमच्या लेकीने वरचं वाचलं. तिचं म्हणणं, "ती तार शून्याला टेकवा की, पाच मिनिटांचं काम!" पाच नाही, दोन मिनिटांचं आहे. तिला मी सांगितलंय, भाग मिळत नाही.

शेवटची ता. क. : यायचं नसेल तर तसं स्पष्ट लिहा, म्हणजे तार टेकवून टाकतो. काहीच उत्तर आलं नाही, तर माझ्या चिपा समजतात तेच मीही समजेन आणि शनिवारी टेम्पो घेऊन पलंग न्यायला येईन. शिट्टी विसरू नका.