पावाची तीन नावं

मंगळवार, अंबड

डोकं नुसतं सणकून राह्यलंय. जर्मनीत नर्सच्या नोकरीसाठी ऑनलाइन जर्मन शिकते. आज पुण्याचे सर छोट्या पावाबद्दल सांगत होते. उत्तरेत ब्रोटशेन, म्युनिककडं सेमल, बर्लिनला श्रिपे. "सगळं बरोबर. जिथली तिथली बोली, तीच तर गोडी!"

मी विचारलं, "मंग परीक्षेत काय लिहायचं?"

"आधी ते 'मंग' सोडा. शुद्ध बोला."

सगळे हसले. तिथं एका पावाला तीन नावं चालतात, इथं माझं एक 'मंग' चालत न्हाई? कसली गोडी अन् कसलं काय! मी कॅमेराच बंद केला.

तेवढ्यात आई दारातून म्हणाली, "मंग, झाला का क्लास?"

माझ्या जिभेवर आलं, आई, 'मग' म्हण.

कसंबसं गिळलं. तो पुण्याचा माणूस माझ्या घरात शिरलाच कसा?