उघड्या नकाशावर आमचा कळप

प्रति,
मा. पशुधन विकास अधिकारी,
पंचायत समिती, औंढा नागनाथ,
जि. हिंगोली.

विषय : मेंढ्यांच्या गळपट्ट्यांवरून आमचे ठिकाण सर्वांना दिसणे तातडीने बंद करणेबाबत.

संदर्भ : गळपट्टे बांधताना खासगी कंपनीच्या माणसाने दिलेला तोंडी भरवसा.

महोदय,

उपरोक्त विषयी अर्ज सादर करते की, आमचा धंदा मेंढपाळीचा असून वडील श्री. नामाजी यांचा पाय मोडल्यापासून कळप मी एकटी चारते. मेंढरू चुकले तर सापडावे म्हणून आपल्या कार्यालयाच्या योजनेतून एका खासगी कंपनीने गळपट्टे बांधले. त्यातील यंत्रामुळे कळप कुठे आहे ते मोबाईलच्या नकाशावर ठिपक्याने दिसते. "तुमचं तुमालाच दिसंल," असे त्यांच्या माणसाने वडिलांना सांगितले होते.

त्यानंतर माळावर एक अनोळखी इसम मोटारसायकलवर येऊ लागला. मी चराईची जागा बदलली, तिथेही आला. गायरान सोडून ओढ्यापल्याड गेले, तिथेही आला. गाडीवरून उतरत नसे, नुसता बघत असे. शेवटी म्हणाला, "आज इकडं काहून? मोबाईलात तर सकाळी तळ्याकडं दिसून राहिल्या होत्या तुमी." घरी येऊन नकाशा नीट पाहिला, तर योजनेतील प्रत्येकाचा कळप मालकाच्या नावासकट कोणालाही दिसत होता.

कंपनीस फोन केला असता उत्तर मिळाले, "ताई, ही माहिती मेंढीची आहे, तुमची नाही." महोदय, मेंढी रानात एकटी जात नाही.

मी गळपट्टे काढून घरात ठेवले. ते चालूच होते, हे ध्यानात आले नाही. दुसऱ्याच दिवशी तो इसम दारात उभा! पाणी मागू लागला. वडिलांना खाटेवरून उठता येईना. आई पंचफुलाबाई काठी घेऊन उंबऱ्यात आली. "निघ इथून, न्हाई तर गाव गोळा करीन," म्हणाली, तेव्हा गेला. पोलिसांत तक्रार दिली आहे, पण त्याचे नाव कोणास ठाऊक नाही. हल्ली गाडीचा आवाज आला की मी मेंढ्यांमध्ये खाली बसते.

तरी हा नकाशा आजच बंद करण्यास कंपनीस भाग पाडावे, आमची जुनी ठिकाणे पुसावीत, आणि आमचा ठिपका कोणी कोणी पाहिला ते पोलिसांस कळवण्यास सांगावे.

आणखी एक. शेजारच्या वाडीच्या जिवनबाई विधवा असून डोंगरात एकट्याच मेंढ्या चारतात. त्यांच्याही मेंढ्यांना हेच गळपट्टे आहेत, पण त्यांच्याजवळ मोबाईल नाही, म्हणून यातले त्यांना काहीच ठाऊक नाही. अर्ज देऊन मी थेट त्यांना सांगायला निघाले आहे. डोंगर मोठा आहे. त्यांना गाठायला मलाही तोच नकाशा उघडावा लागणार आहे.

आपली नम्र अर्जदार,
मोहिनी नामाजी पोले
पाथरवाडी, ता. औंढा नागनाथ
दि. १८/११/२०२५

सोबत : १) पोलीस तक्रारीची पोच. २) काढलेले गळपट्टे, पत्र्याच्या डब्यात बंद.