हसऱ्या तोंडाचा तक्ता

माय, तुह्या पाया पडते. फोनवर तुले ऐकू येत नाही म्हणून ही चिठ्ठी. मी सांगून राह्यली अन् तुही नात छकुली लिहून राह्यली. पाह्य, अक्षर कसं मोत्यावानी हाये.

देऊळगाव राजाजवळच्या या वीटभट्टीवर आमचं बरं हाये. बाबाचा खोकला थांबला का? म्हैस व्याली का?

छकुलीले इथंच शाळेत घातलं. बाई लय मायाळू हायेत. भट्टीवरच्या लेकराईसाठी त्याइनं वर्गात तक्ता लावला. रोज सकाळी आपल्या नावापुढं हसरं नाही तं रडकं तोंड चिकटवायचं. रडकं दिसलं की बाई मायबापाले बोलावतात.

पह्यल्याच हप्त्यात हिनं रडकं लावलं. "आजीची याद येते," म्हणे. मळलेला चिखल तसाच टाकून आमी दोघं शाळेत गेलो. बाईनं चहा पाजला. "पोरीसोबत रोज बोलत जा," म्हणे. परत आलो तं मुकादमानं चार लोकाईत मायबहिणीवरून शिव्या देल्या.

मंग बोलली मी तिच्यासोबत. चुलीतल्या लाकडानं बोलली.

तवापासून रोज हसरं लावते. पाठ सुजली होती, त्या दिवशीही हसरंच. शनिवारी बाईनं साऱ्याइसमोर मले फूल देल्लं. "मायबापानं मनावर घेतलं की लेकरू असं खुलते," म्हणे.

तू काळजी करू नोको. आता छकुली तुही याद काढत नाही.

तुही छाया

सहीखाली हसरं तोंड हाये, ते तिनंच काढलं. मी काढ म्हटलं नव्हतं.