सावनेरहून न आलेली बाई

जुनी शुक्रवारी, नागपूर
तान्ह्या पोळ्याचा दुसरा दिवस

तीर्थस्वरूप शोभाताईले धाकट्या गोपिकाचा पाय धरून नमस्कार. (जपून धरते, तुह्या गुडघ्याचं मालूम आहे.) इकडे आम्ही बरे, तिकडे तुम्ही सारे बरे असा. दादाजींचा खोकला कसा आहे, म्हैस व्याली काय, अन् तू गुडघ्याले बिब्बा लावणं सोडलं की नाही, ते कळवजो. माह्यं अक्षर लागलं नाही तर कागद मास्तरकडे नेऊ नको. यात घरचं आहे.

तुह्यं कार्ड काल सकाळी भेटलं. त्यात तू लिहिलं की कामाले बाई अजून सापडली नाही, माफ कर, दिवाळीनंतर पाहते. ते वाचून मी पायरीवरच बसली. तू बाई पाठवलीच नाही, तर मंग नागपंचमीपासून माह्या घरात जी बाई पोट्टे सांभाळून राहिली, ती कोण होय?

आता नीट वाच, मधातच दादाजींले हाक मारू नको. माह्यं पाळणाघर उभं झालं ते सुमतीबाईमुळं. ती टेलिफोनच्या हापिसात कानाले यंत्र लावून बसते. तिचा गुड्डू पहिला आला, मंग तिच्याच शब्दावर तिच्या हापिसातल्या चार बायाईनं आपापले पोट्टे आणून टाकले. म्हणजे पाचही पोट्टे तिच्या एका शब्दाले टांगलेले. तिनं गुड्डू उचलला की उद्या माही ओसरी रिकामी, अन् आमच्या मालकायची, यायची गिरणी तर तुले मालूमच आहे, आज भोंगा वाजते, उद्या वाजत नाही.

त्या सुमतीबाईची अट एकच. तिचं सासूसंग वाकडं आहे. सासू म्हणे नोकरी सोड, ही म्हणे सोडत नाही, अन् नवऱ्याले घेऊन हिनं नागपुरात बिऱ्हाड केलं. गुड्डूले ठेवतानाच मले बजावलं, "काकू, कामठीहून माझ्या सासूबाई आल्या तर मुलाला हात लावू देऊ नका." मी म्हटलं, माह्या उंबऱ्याच्या आत पाय ठेवू देणार नाही, फक्त दिसते कशी ते सांगा. तर म्हणे उंच आहेत, धिप्पाड आहेत, अन् आवाज असा की कामठीत बोलल्या तर कन्हानला ऐकू जातो. मी तशी बाई डोळ्यासमोर पक्की करून ठेवली अन् कामाले लागली.

पण एकटीनं पाच पोट्टे कसे होते वं? एकाचं धुवाले बसावं तर दुसरा करून मोकळा, दुसऱ्याकडे धावावं तर तिसरा शेगडीतली राख खाते. म्हणून तुले लिहिलं होतं की दुपारपुरती बाई पाठव, जेवण घालून निजवाले. अन् नागपंचमी झाल्यावर एका दुपारी दारात बाई उभी. बारीक, सावळी, माह्या खांद्याएवढी, हातात कापडाची पिशवी. हळूच म्हणे, इथं बाई पाहिजे होती म्हणे. मी म्हटलं, सावनेरहून ना, शोभाताईनं पाठवलं ना? तिनं माह्याकडे जरासं पाहिलं अन् म्हणे, "हो म्हणा." (आता ध्यानात येते, ती 'हो' म्हणालीच नाही. पण तेव्हा एक पोट्टं न्हाणीत कडी लावून बसलं होतं, माह्यं ध्यान तिकडे.) नाव विचारलं तर म्हणे, बुढीले कोण नावानं हाक मारते, बाई म्हणा. कोठी राहता अन् पगार किती, हे काढलं तर कोणाची तरी लाळ पुसाले उठली.

काम असं की मले बोलाले जागाच ठेवली नाही, अन् बोलल्याशिवाय मले जेवण जात नाही. वरणभात कालवून पाचही पोट्ट्याईच्या तोंडात असा फिरवते की कोणाचा घास कोणाले गेला हे पोट्ट्याईलेही समजत नाही. निजवते, तेल लावते. चार पोट्ट्याईले माह्या घरचं तेल, अन् गुड्डूले तिच्या पिशवीतल्या शिशीतलं. मी विचारलं, हे काहून? म्हणे, याचं हाड नाजूक आहे, घराण्यातच आहे. मी म्हटलं असन. (कोणाच्या घराण्यात, हे विचारावं असं मले काहून सुचलं नाही, ते तू मले विचारू नको.)

एक दिवस सुमतीबाई हापिसातून लवकर आली. तिचा आवाज ऐकताच बाई उठली अन् मागच्या आंगणात वाळत घातलेल्या गोधडीमागं जाऊन उभी राहिली. गोधडीखालून दोन पाय दिसून राहिले. मले वाटलं पोट बिघडलं असन, संडासाले जाले लाजून राहिली. सुमतीबाई गेल्यावर मी तिले मूठभर ओवा चारला. तिनं चुपचाप खाल्ला. चहाचंही तसंच. तीन चमचे साखर टाकून मी तिले रोज चहा देते, ती कपबशी घेऊन आंगणात जाते अन् रिकामी आणते. मोगऱ्याच्या कुंडीले मुंग्या काहून लागल्या, याचा मी महिनाभर विचार केला.

आता कालचं सांगते. काल तान्हा पोळा. पोट्ट्याईले लाकडी बैल घेऊन गल्लीत फिरवाचं होतं. चौघायजवळ बाजारातले नवे बैल, गुड्डूचा बैल आणाचा सुमतीबाई विसरली. तर बाईनं पिशवीतून एक बैल काढला. जुना, काळा, एक शिंग मोडलेलं, तिथं खिळा ठोकलेला, चाकं मात्र नवी. गुड्डूनं तो असा धरला की घुगऱ्या खातानाही सोडला नाही. पोट्टे फिरवून आणले अन् बाई आपल्या वेळेवर गेली.

संध्याकाळी गुड्डूले न्याले त्याचा बाप आला, मनोहरराव. एरवी कधी येत नाही. त्यानं बैल हातात घेतला, उलटा केला, अन् खिळ्यावरून बोट फिरवलं. मंग म्हणे, "काकू, हा बैल कुठला?" मी म्हटलं, सावनेरचा, माह्या ताईनं पाठवला. (तुह्यं कार्ड सकाळीच वाचलं होतं. तरी तोंडातून सावनेरच निघालं. महिन्याभराची सवय.) तो म्हणे, "छान आहे." गुड्डूले सायकलवर बसवलं, फाटकापाशी गेला अन् मागं न पाहता म्हणे, "दुपारच्या बाईंना चहा बिनसाखरेचा देत जा. त्यांना साखर चालत नाही."

ताई, मी त्याले बाईचं एक अक्षर बोलली नव्हती.

तेव्हापासून माह्यं डोकं चालत नाही. ही सासू होय म्हणावं तर धिप्पाड कोठी आहे? आवाज कोठी आहे? एक तर सुमतीबाईनं सासूले तिप्पट करून सांगितलं, नाहीतर कामठीहून इकडे येता येता ती आटली. उंबऱ्याच्या आत पाय ठेवू देणार नाही म्हणून मी शब्द दिला, अन् इथं तिनं माह्या सैपाकघरातले डबेही आपल्या मनानं लावून घेतले आहेत. सुमतीबाईले सांगावं तर पाचही पोट्टे जातात. नाही सांगावं अन् तिले समजलं, तरी पाचही जातात. बाईले काढावं तर पोट्टे राहतात अन् मी जाते. यायले विचारलं तर म्हणतात, "मले वाटलं तुह्या माहेरची होय, म्हणून मी महिनाभर उकाड्यात सदरा घालून बसलो." या माणसाचा इतकाच उपयोग.

परवा गणपती बसतील. दादाजींले नमस्कार, पोरांले आशीर्वाद.

तुही,
गोपिका

ता. क. यायनं पत्र पेटीत टाकलंच नाही, सदऱ्याच्या खिशात ठेवलं होतं, म्हणून आणखी लिहिते. आज मी बाईले तोंडावर विचारलं, तुम्ही सावनेरच्या नाही ना? ती गुड्डूले घास भरवून राहिली होती. म्हणे, "कामठीची. पण तुम्ही सांगून बसल्या सावनेर, तर आता तेच राहू द्या. तुमच्या ताईचं पूर्ण नाव काय? कोणी विचारलं तर मले सांगता आलं पाहिजे." मी तुह्यं नाव, घर, म्हशीचा रंग, सारं तिच्याकडून पाठ करून घेतलं. तर ध्यानात ठेव, ती तुहीच बाई होय, तूच पाठवली, नाव भागीरथा (हे मी ठेवलं). अन् दिवाळीनंतर दुसरी बाई पाठवू नको. अशी भेटत नाही.

आणखी एक ता. क. वरचं खोडून टाक. सकाळी सुमतीबाईनं गुड्डूसंग एक डबा दिला. म्हणे, "कारल्याची भाजी आहे, गूळ घातला नाही. दुपारच्या बाईंना द्या." मी म्हटलं, कोणती बाई? तर म्हणे, "काकू, गुड्डूच्या अंगाला लागलेलं तेल मी ओळखत नाही का? आमच्या यांना मात्र बोलू नका." डबा बाईले दिला तर तिनं झाकण उघडलं, वास घेतला अन् पदर डोळ्याले लावला. आता गणपतीले नवराबायको गुड्डूले घेऊन कामठीले आजीकडे चालले आहेत, अन् तिघायपैकी एकानंही दुसऱ्याले सांगितलं नाही की आपल्याले मालूम आहे. सारं मलेच मालूम.

पण ताई, सासू-सुनेचं जुळलं तर गुड्डू आजीपाशी राहीन, आजी घरी राहीन, अन् मी राहीन चार पोट्टे अन् रिकामे हात घेऊन. जुळावं, जुळालेच पाहिजे, मी गणपतीले तेच मागते. पण दिवाळीनंतर जुळावं. तोवर तू बाई शोध. धिप्पाड असली तरी चालते.